स्तनाच्या शस्त्रक्रियेसाठी प्लास्टिक सर्जन निवडताय? या चुका टाळा

‘डॉक्टर चांगले आहेत ना?’ असं सगळ्या जणी विचारतात. ‘ते नेमकी कोणती ऑपरेशनं स्वतः करतात?’ असं मात्र क्वचितच कुणी विचारतं. खरी गोम इथेच आहे. सर्जन सहसा त्यांच्या हातात बसलेलं ऑपरेशनच सुचवतात. त्यात लबाडी असतेच असं नाही, तो मनुष्यस्वभाव आहे. पण शरीर तुमचं आहे.

सर्जनच्या यादीत काय नाही, हे न विचारणं

कॅन्सरमुळे स्तन काढल्यावर पुनर्रचनेचे ढोबळमानाने दोन मार्ग असतात: इम्प्लांट, म्हणजे आत बसवायची सिलिकॉनची पिशवी, किंवा स्वतःच्याच शरीरातला भाग, म्हणजे फ्लॅप. फ्लॅप बहुतेकदा पाठीचा किंवा पोटाचा असतो. पोटाच्या फ्लॅपची पद्धत 1982 मध्ये रुळायला लागली, तेव्हा कातडी आणि चरबीसोबत पोटाचा स्नायूही उचलला जायचा. त्यामुळे काही जणींच्या पोटाची भिंत सैल पडायची, हर्निया व्हायचा. 1990 च्या दशकात ‘डीप’ फ्लॅप आला. यात स्नायू जागेवरच राहतो. त्यातून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या हलक्या हाताने सोडवून घेतात आणि मायक्रोस्कोपखाली छातीतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. हे तासन्‌तास चालणारं काम आहे आणि त्यासाठी मायक्रोसर्जरीचं वेगळं प्रशिक्षण लागतं. ते प्रत्येक प्लास्टिक सर्जनकडे नसतं.

‘तुम्हाला इम्प्लांटच बरं पडेल,’ असं ऐकलंत तर एवढंच विचारा: ‘पोटाचा फ्लॅप तुम्ही स्वतः करता का? वर्षाला साधारण किती? करत नसाल तर तो मला का नको?’ पोटावर पुरेशी चरबी नसणं, आधीच्या ऑपरेशनचे व्रण, लांबलचक भूल न झेपणारं हृदय, ही पटण्यासारखी कारणं आहेत. ‘त्याची काही गरज नाही’ हे कारण नव्हे. प्रामाणिक सर्जन ‘मी करत नाही, पण हवं असेल तर अमुक ठिकाणी दाखवा’ असं सरळ सांगतात. प्रश्नाचा राग येणाऱ्यांना माझ्या मते तिथेच नमस्कार करावा.

आधी स्तन काढायची तारीख, मग प्लास्टिक सर्जनचा शोध

निदान झालं की घरात धावपळ सुरू होते आणि प्लास्टिक सर्जन यादीत शेवटी येतो. पण छेद कुठून घ्यायचा, किती कातडी राखायची, स्तनाग्र वाचवता येईल का, हे पहिल्याच ऑपरेशनमध्ये ठरतं. म्हणून कॅन्सर सर्जन आणि प्लास्टिक सर्जन यांचं आधी बोलणं व्हायला हवं, तेही तुमच्यामार्फत निरोप पोचवून नव्हे.

त्यातही रेडिएशनचा प्रश्न पहिला. इम्प्लांटभोवती शरीर नेहमीच व्रणाचं पातळ आवरण तयार करतं. रेडिएशन घेतलेल्या छातीत ते आवळून कडक होण्याची, दुखण्याची आणि जखम बिघडण्याची शक्यता बरीच वाढते. ‘रेडिएशन लागलं तर आपला बेत बदलेल का?’ याचं उत्तर तारीख ठरण्याआधी मिळवा. मात्र पुनर्रचनेसाठी कॅन्सरचे उपचार लांबवू नका. ती काही वर्षांनीही करता येते. आणि ती करायचीच नसेल, तर छाती नीट सपाट शिवून द्या असं सांगायचाही हक्क आहे. नाहीतर नंतर कधी मन बदलेल म्हणून कडेला सैल कातडी ठेवून दिली जाते आणि ती काखेखाली टोचत राहते.

फोटो पाहून भुलणं

आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवून बारकाईने बघा. प्रकाश तोच आहे का? खांदे तेवढेच वर आहेत का? नंतरच्या फोटोत हात डोक्यावर असतील, तर ओघळलेला स्तनही वर दिसतो. व्रण ब्राखाली किंवा सावलीत लपलेत का? ऑपरेशननंतर सहा आठवड्यांचा फोटो फसवा असतो, कारण सूज उतरलेली नसते, वर्षभरानंतरचा मागा. आणि तुमच्याच बांध्याच्या, तुमच्याच वयाच्या बाईचा मागा. सगळेच निकाल देखणे असतील, तर अल्बम निवडून लावलाय असं समजा.

रिडक्शनमध्ये (स्तन लहान करण्याच्या ऑपरेशनमध्ये) कपच्या मापावर सौदा

‘सी कप करून देतो’ हे आश्वासन पोकळ आहे, कारण ब्राचं माप कंपनीगणिक बदलतं. जाणता सर्जन टेप हातात घेतो: गळ्याखालच्या खोबणीपासून स्तनाग्रापर्यंत किती अंतर आहे, दोन्ही बाजूंत फरक किती आहे, अंदाजे किती ग्रॅम काढावं लागेल. ऑपरेशनआधीच्या पेनच्या खुणाही तुम्हाला उभं करून करतात, कारण आडवं झाल्यावर स्तन पसरतो आणि मापं चुकतात. टेप न लावता, कपडे न काढता तारीख देणाऱ्याकडे परत जाऊ नका.

स्तनाग्र कशाच्या आधारावर जिवंत राहणार, हेही विचारा. सहसा ते रक्तपुरवठा असलेल्या भागाला जोडलेलंच ठेवून वर सरकवतात. फारच मोठ्या स्तनात कधीकधी ते पूर्ण सुटं करून पुन्हा बसवावं लागतं. मग तिथली संवेदना बहुतेक जाते आणि त्या बाजूने स्तनपान शक्य होत नाही. पुढे मूल हवं असलेल्या मुलीला हे टेबलावर जाण्याआधी कळायला हवं. काढलेला भाग डावा-उजवा अशी वेगळी नावं लावून तपासणीला पाठवतात ना, हेही बघा. त्यात क्वचित न दिसलेला कॅन्सर सापडतो.

पदवीची पाटी वरवर वाचणं

‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पाटी अनेक देशांत प्लास्टिक सर्जरी न शिकलेला डॉक्टरही लावू शकतो. वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीत विशेषज्ञतेची पदवी स्वतः तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

‘माझ्याकडे कधीच काही बिघडत नाही’ यावर विश्वास

भरपूर ऑपरेशनं करणाऱ्याकडे काही ना काही बिघडतंच. रिडक्शननंतर उभा आणि आडवा टाका जिथे मिळतात तिथे जखम थोडी उघडणं तर नेहमीचं. फ्लॅपचं गणित आणखी नाजूक: पहिले एक-दोन दिवस नर्स दर तासाला रंग बघते, बोट दाबून रक्त परततंय का हे तपासते. शीर बंद झाली, तर काही तासांत पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागतं. म्हणून विचारा: ‘रात्री दोन वाजता रंग बदलला तर कोण येणार? दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च कोणाचा?’ इथे उत्तर अडखळलं, तर हॉस्पिटल बदला.

उलट तपासणी तुमचीही होते. तंबाखू चालू आहे का, हे ज्यांनी विचारलंच नाही त्यांची काळजी करा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडी काळी पडू शकते. किमान चार आठवडे आधी सगळं बंद, च्युइंगम आणि पॅचसुद्धा.

इम्प्लांट घेणार असाल तर ते जन्मभराचं नसतं, पुढे कधीतरी बदलावं लागू शकतं, हे सर्जनने आपणहून सांगायला हवं. खरखरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटचा एका विरळ लिम्फोमाशी (लसिका पेशींच्या कॅन्सरशी) संबंध दिसल्याने 2019 मध्ये ती बाजारातून परत घेतली गेली. म्हणून पृष्ठभाग कोणता हे विचारा आणि इम्प्लांटचा क्रमांक असलेलं कार्ड जपून ठेवा.

दोन सर्जननी दोन वेगळी ऑपरेशनं सांगितली, तर गोंधळून जाऊ नका. पहिल्याला विचारा, ‘दुसऱ्यांनी सांगितलेलं का नको?’ आणि दुसऱ्यालाही तेच. जो तुमची मापं, तुमचे रिपोर्ट समोर ठेवून समजावतो, त्याच्याकडे पुढची अपॉइंटमेंट घ्या. जो फक्त दुसऱ्याची निंदा करतो, त्याची फाइल बंद करा.