कॉन्टेसाचा बंपर: आधी मध्यरेषा, मग वेल्डिंग

हाताने घडवलेला बंपर जुन्या गाडीला बसवताना "बॉनेटच्या कडेला समांतर धरा आणि बोल्ट आवळा" असं कोणी सांगितलं, तर ते अजिबात ऐकू नका. नाशकात द्वारकेपासून सातपूरपर्यंत चार गॅरेजांत मला हाच सल्ला मिळाला आणि पहिल्या गाडीवर मी तो पाळलाही. त्याची किंमत पुढे सांगतो. त्यानंतर कॉन्टेसा, पद्मिनी आणि अॅम्बेसेडर मिळून अकरा गाड्यांचे बंपर बसवले, आणि प्रत्येक गाडीला सुरुवात केली ती जमिनीवर खडूने रेघ मारून.

इथे उदाहरण कॉन्टेसाचं घेतो, कारण मसल कारची हौस आपल्याकडे बहुतेक जण हिच्यावरच भागवतात. लांब नाक, मागच्या चाकांना जाणारी ताकद, आणि व्हॉक्सहॉलच्या व्हीएक्स मालिकेवरून आलेला ढाचा. हिंदुस्तान मोटर्सने ती 1984 मध्ये आणली आणि 2002 पर्यंत बनवली. पहिल्या गाड्यांत अॅम्बेसेडरचंच 1489 सीसीचं इंजिन होतं. नंतर कॉन्टेसा क्लासिकला इसुझूचं 1.8 लिटर पेट्रोल इंजिन मिळालं. या कामापुरती लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे या गाडीला वेगळी चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही, बॉडी आणि चेसिस एकच. बंपरचा भार पुढच्या दोन बॉक्स पट्ट्यांवर येतो. मिस्त्री त्यांनाही चेसिसच म्हणतात, मीही तेच म्हणेन.

हत्याराला हात लावण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत जाऊन बोला. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेपासून दूर जाणारे बदल चालणार नाहीत असा निकाल दिला. म्हणून बंपर मूळ जागी, मूळ मापाच्या जवळपास ठेवा. दिवे आणि नंबर प्लेट झाकू नका. बंपरपुढे पाइपचा गार्ड तर लावूच नका, डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे. रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद हवी. पंधरा वर्षांवरच्या गाडीला नूतनीकरणासाठी तपासणीला जावंच लागतं, आणि तिथे पहिली नजर तोंडाकडेच जाते.

पत्र्याचं काम

गंजलेला पत्रा कापून टाका. त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरू नका. गंज लांबीखाली थांबत नाही, दुसऱ्या पावसाळ्यात फुगून वर येतो. नवा तुकडा मूळ पत्र्याच्याच जाडीचा, साधारण 0.9 ते 1 मिमीचा घ्या आणि सीओटू वेल्डिंगने टाके मारत जोडा. एक टाका इकडे, पुढचा वीतभर लांब. सलग ओढलं की पत्रा तापून ताणला जातो आणि मग बोटाने दाबला की डबडब वाजतो. टाका गार करायला ओला फडका लावणारे मिस्त्री आहेत. त्यांना हात जोडून थांबवा, हवेने गार होऊ द्या.

वेल्डिंग घासून झालं की एपॉक्सी प्रायमर, त्यावर लांबी, तीही 2 ते 3 मिमीपेक्षा जाड नको. लांबी फक्त शेवटची सुरकुती काढायला असते, आकार हातोडी आणि डॉलीनेच, म्हणजे पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्यानेच, आला पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे चांगलाच गारठा असतो आणि लांबी लवकर धरत नाही. तेव्हा लांबी घट्ट करणारा हार्डनर वाढवायचा मोह होतो. वाढवू नका, लांबीत बारीक भोकं पडतात आणि पुढे रंगावर डाग उठतो. दुपारी ऊन आल्यावर काम करा. घासताना वरून काळ्या स्प्रेचा हलका फवारा मारा आणि लांब ठोकळ्याला पेपर लावून घासा. काळं राहील तिथे खड्डा आहे.

दरवाजे, बॉनेट आणि मडगार्ड यांच्या फटी आधी जुळवून घ्या. शेवटची लांबी मात्र आत्ता मारू नका, ती बंपर टाक्यांवर जोडून झाल्यानंतर.

मध्यरेषा

पहिल्या कॉन्टेसाला मी बंपर क्रोम करून आणला, बॉनेटच्या कडेला लावून बघितला, डोळ्यांना सरळ वाटला, आणि मागून ब्रॅकेट वेल्ड करून टाकले. गाडी रंगवून गंगापूर धरणावर नेली, दहा फुटांवरून फोटो काढला. फोटोत उजवा कोपरा खाली. घरी येऊन मोजलं तर 9 मिमीचा फरक. बॉनेट स्वतःच जुन्या अपघातानंतर तिरकी बसवलेली होती आणि मी तिलाच प्रमाण मानलं होतं. ब्रॅकेट कापले. वेल्डिंगच्या उष्णतेने क्रोम आधी निळसर पडला होता, कापताना त्याचे पापुद्रे निघाले. बंपर पुन्हा उतरवून, खरवडून, नव्याने प्लेटिंग करावं लागलं. दोन महिने गेले आणि पैसे दुप्पट. म्हणून कळकळीने सांगतो, क्रोम झालेल्या बंपरवर वेल्डिंग करायचंच नाही. शिवाय तो धूर फुफ्फुसाला घातक असतो.

जुन्या भद्रकालीतल्या एका वयस्कर डेंटर चाचांनी मला तेव्हा एकच प्रश्न विचारला होता, "साहेब, गाडीच्या दोन बाजू सारख्या असतात असं तुम्हाला कोणी सांगितलं?" खरंच नसतात. तीस वर्षं चाललेल्या, दोनदा ठोकलेल्या गाडीची डावी-उजवी बाजू पाच-सहा मिमीने वेगळी असणारच. बदलत नाहीत ती चेसिसवरची कारखान्यात पाडलेली भोकं. माप फक्त तिथून घ्यायचं.

ते असं. गाडी चाकांवर उभी असू द्या, जॅकवर नको. जॅकवर बॉडी थोडी वाकते आणि माप बदलतं. टायरमध्ये दोन्हीकडे सारखी हवा. तोंडाकडून गाडी दोन-तीनदा दाबून सोडा, म्हणजे स्प्रिंग आपल्या जागी बसतील. आता गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल ट्यूब घ्या आणि पुढच्या सस्पेन्शनजवळची डावी-उजवी भोकं एका पातळीत आहेत का बघा. नसतील तर खालच्या बाजूच्या टायरखाली प्लायचे तुकडे सरकवा. गॅरेजची फरशी उतरती असते, एखादी स्प्रिंग बसलेली असते, पण भोकं पातळीत आली की पुढच्या कामापुरती गाडी सरळ झाली. स्पिरिट लेव्हल आता खरं बोलेल. याआधी ती फक्त फरशीचा उतार सांगत असते.

मग ओळंबा. पुढच्या दोन भोकांतून सोडा आणि जमिनीवर खडूने दोन खुणा करा. तसंच मागे, पुढच्या दरवाजाखाली येणाऱ्या जोडीच्या भोकांतून दोन खुणा. पुढच्या खुणांचा मध्य काढा, मागच्यांचा मध्य काढा, आणि दोन्ही मध्यांतून रंगाची दोरी ताणून रेघ उडवा. ती गाडीच्या नाकापुढे तीन फूट वाढवा. ही तुमची मध्यरेषा. बंपरचा मध्य पत्र्याच्या आतल्या बाजूला पॉइंटने कोरून ठेवा आणि तिथून सोडलेला ओळंबा या रेघेवर पडला पाहिजे.

बंपर टेबलावर किंवा दोन स्टँडवर जागेवर धरा आणि कर्ण मोजा. मागच्या डाव्या खुणेपासून बंपरच्या उजव्या टोकाखाली, मग मागच्या उजव्या खुणेपासून डाव्या टोकाखाली. दोन्ही मापांत 2 मिमीपेक्षा जास्त फरक नको. फरक असेल तर बंपर नाकासमोर सरळ नाही, एका बाजूने पुढे आलाय. उंची त्याच भोकांपासून वर मोजा, जमिनीपासून नाही.

आता बघा, बंपर बरोबर आहे आणि डावीकडे मडगार्डशी फट 11 मिमी, उजवीकडे 15. इथे सगळे घाबरतात आणि बंपर उजवीकडे सरकवतात. सरकवू नका. मडगार्ड बोल्टवर असेल तर बोल्ट ढिले करून पॅकिंग घाला. पक्कं जोडलेलं असेल तर बंपरचा कान, म्हणजे बाजूला वळणारा तुकडा, कापून नव्याने घडवा. उरलेला एखादा मिलिमीटर लांबीने भागवा. फट सगळीकडे एकाच रुंदीची दिसली की थोडी मोठी असली तरी खुपत नाही. एका टोकाला अरुंद होत गेली की रस्त्याच्या पलीकडूनही कळतं.

ब्रॅकेटला 5 ते 6 मिमीची पट्टी घ्या. चेसिसकडच्या पट्टीत उभा स्लॉट, बंपरकडच्या पट्टीत आडवा स्लॉट, आणि 10 मिमीचा 8.8 ग्रेडचा बोल्ट, खाली मोठा वॉशर. उभ्या-आडव्या स्लॉटमुळे बंपर चारही दिशांना थोडा हलवता येतो, आणि हे शेवटी लागतंच. बॅटरी सोडा, अल्टरनेटरच्या वायरा काढा, मग प्रत्येक ब्रॅकेटला फक्त चार टाके. पुन्हा कर्ण मोजा. जुळले की बोल्ट काढून बंपर ब्रॅकेटसह उतरवा आणि पूर्ण वेल्डिंग गाडीबाहेर, लाकडी पाटावर शिकंजे लावून करा. एकदा डावीकडचा टाका, एकदा उजवीकडचा. एकदा मी घाईत एका ब्रॅकेटची एक बाजू सलग वेल्ड केली आणि गार होताना बंपरचं टोक 4 मिमी आत ओढलं गेलं. गार झाल्यावर बंपर परत लावून तिसऱ्यांदा मोजा. तीन वेळा मोजण्याचा कंटाळा येतो, पण प्लेटिंगनंतर चूक दुरुस्त होत नाही.

प्लेटिंग, रंग आणि शेवटची फिटिंग

बंपर घडवण्याआधीच अंबडच्या प्लेटिंगवाल्याकडे जा आणि त्याच्या टाकीची लांबी मोजा. कॉन्टेसाची रुंदी साडेपाच फुटांहून जास्त आहे. टाकी लहान असेल तर बंपर तीन तुकड्यांत करावा लागेल, आणि तसं असेल तर जोड आधीच ठरवा. पत्रा 2 मिमीचा घ्या, पॉलिशिंगमध्ये थोडा जातो. सगळी भोकं पाडून, कडा कानशीने गोल करून आणि आतल्या कोपऱ्यात पाणी निघायला छोटं भोक ठेवून द्या. आधी तांबं, मग निकेल, शेवटी क्रोम, आणि या तिन्हींत चमक कमावते ती खालची पॉलिशिंग. ती चेहरा दिसेपर्यंत झाली का, हे क्रोमच्या आधी स्वतः जाऊन बघा. खोलगट आतल्या बाजूला क्रोम नीट चढत नाही, तिथे एपॉक्सी प्रायमर आणि काळा रंग द्या.

रंगकाम नेहमीसारखं.

फिटिंगच्या दिवशी मडगार्डच्या कडांना मास्किंग टेप लावा, दोघांनी मिळून बंपर धरा, चारही बोल्ट हाताने फिरवा, कर्ण मोजा, मग पाना. ब्रॅकेट आणि चेसिसमध्ये रबराचा वॉशर घालू नका. गाडी हलली की बंपर थरथरतो आणि बोल्ट ढिला होतो. त्र्यंबकपर्यंत जाऊन या, आणि परत आल्यावर गार गाडीवर चारही बोल्ट पुन्हा आवळा. पेंटमार्करने प्रत्येक नटावर रेघ ओढा. महिन्याने रेघ तुटलेली दिसली, तर तो बोल्ट काढून नवा स्प्रिंग वॉशर घाला.