झोन आला नाही म्हणून अर्क बाद करू नका : एफ्लक्स पंपाच्या चाचणीत या चुका टाळा

वनस्पतीच्या अर्काची जिवाणूंवर चाचणी लावली : स्टॅफच्या (ग्रॅम-पॉझिटिव्ह स्टॅफिलोकोकसच्या) प्लेटवर स्वच्छ झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेलं वर्तुळ, ग्रॅम-निगेटिव्ह स्यूडोमोनासच्या प्लेटवर काहीच नाही. एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये असं झालं की वहीत लगेच नोंद होते, 'अर्क निष्क्रिय'. ही घाई नको. तेलकट पदार्थ आगरमध्ये नीट पसरतच नाहीत, म्हणून आधी ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) एमआयसी, म्हणजे जिवाणूची वाढ थांबवणारी किमान मात्रा, काढा. अर्क ज्यात विरघळवला त्या डीएमएसओचा कंट्रोल ठेवा. हळदीसारखा रंगीत अर्क असेल तर गढूळपणा (जिवाणू वाढल्याची खूण) डोळ्यांनी ठरवू नका.

तरीही एमआयसी जास्तच आली, तर दोन प्रश्न वेगवेगळे विचारा : औषध आत शिरलं का, आणि शिरलेलं आत टिकलं का, की एफ्लक्स पंपाने (औषध पेशीबाहेर फेकणाऱ्या प्रथिनांच्या यंत्रणेने) ते बाहेर काढलं?

ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूच्या बाह्यपटलावर लिपोपॉलिसॅकराइडचा दाट थर असतो, आणि मॅग्नेशियम-कॅल्शियमचे आयन तो घट्ट बांधून ठेवतात. ई. कोलायच्या पोरिनमधून (पटलातल्या छिद्रांसारख्या प्रथिनांतून) साधारण ६०० डाल्टनपर्यंतचे रेणू जातात. सुमारे १४५० डाल्टनचं व्हँकोमायसिन बाहेरच राहतं. जे थोडंफार शिरतं त्याला अ‍ॅक्रएबी-टॉलसी हा पंप बाहेर काढतो, स्यूडोमोनासमध्ये मेक्सएबी-ओपीआरएम. आत येणं संथ असतं म्हणूनच पंपाला उपसा झेपतो. पटल आणि पंप यांची ही जोडी लक्षात न घेतल्यामुळे पुढची चूक होते, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत महागात पडते.

ती म्हणजे पीए-बीटा-एन हा पंपरोधक टाकला, एमआयसी चौपट उतरली, की 'पंप सिद्ध झाला' असं लिहून मोकळं होणं. हा रोधक जास्त मात्रेत बाह्यपटलही सैल करतो. मग एमआयसी पंप थांबल्यामुळे उतरली की दार उघडल्यामुळे, हे सांगता येत नाही. त्याच चाचणीचा एक संच १ मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट घालून लावा; पटल बरंचसं सावरतं. रोधकाची स्वतःची एमआयसी आधी काढा आणि वापर तिच्या पाव भागाच्या आत ठेवा. टॉलसी जनुक काढलेला ई. कोलाय मिळाला तर तो मूळ स्ट्रेनशेजारी लावा. इतका स्वच्छ पुरावा कोणताही रोधक देत नाही.

इथिडियम ब्रोमाइड या पेशीत साचल्यावर चमकणाऱ्या रंगाची चमक वाढली तरी हीच शंका घ्या, कारण फाटक्या पटलातूनही तो आत साचतो. पंप बंद पाडायला वापरलं जाणारं सीसीसीपी तर पेशीची प्रोटॉनऊर्जाच मोडतं. अमायनोग्लायकोसाइड आत जायला तीच ऊर्जा लागते, त्यामुळे त्या गटातल्या जेंटामायसिनची एमआयसी उलट वाढू शकते.

वनस्पतींवर काम करणाऱ्यांनी एक गोष्ट मनावर घ्यावी. दारुहळदीतलं बर्बेरीन एकटं स्टॅफवर दुबळं पडतं, कारण नॉर-ए पंप ते बाहेर टाकतो. बर्बेरिसच्या काही जातींत मात्र हा पंप रोखणारा दुसरा रेणू असतो, ५'-मेथॉक्सीहिडनोकार्पिन. हे निष्कर्ष २००० साली शोधनिबंधात छापून आले. नावातलं हिडनोकार्पस म्हणजे आपलं कडू कवठ. त्यातही हा रेणू आढळतो. तो स्वतः जिवाणू मारत नाही. म्हणजे अर्काचे फ्रॅक्शन (घटकांचे भाग) वेगळे करून एकेकटे तपासले, तर बर्बेरीन कमजोर आणि हा रेणू निकामी ठरणार. अर्क चालत होता आणि फ्रॅक्शन चालेनासे झाले, तर ते फेकण्याआधी दोन-दोन एकत्र करून चेकरबोर्ड (दोघांच्या वेगवेगळ्या मात्रांच्या जोड्या तपासणारी चाचणी) लावा.