आजोबांचं सागवानी टेबल घरच्या घरी नीट करायचं असेल तर

सगळ्यात आधी एक सांगतो, पॉलिश पेपर लगेच हातात घेऊ नका. जुनं टेबल म्हटलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी मशीन लावून टॉप घासून काढतात आणि मग खाली नवंकोरं, फिकट, कुठल्याही दुकानातलं वाटावं असं लाकूड निघतं. सागाला जो तपकिरी रंग इतक्या वर्षांत चढलेला असतो तो वरच्या पातळ थरातच असतो, तो एकदा भुशात गेला की गेला. त्यामुळे आधी वर काय लावलंय ते ओळखायचं, आणि जेवढं कमी करून भागेल तेवढंच करायचं.

ओळखायचं कसं? कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पायाच्या आतल्या बाजूला, जिथे कोणाचं लक्ष जात नाही तिथे, मिनिटभर धरा. चिकट लागलं आणि कापूस तपकिरी झाला तर ते चपड्याचं म्हणजे लाखेचं पॉलिश, जुन्या घरातल्या फर्निचरवर बहुतेक वेळा हेच सापडतं. स्पिरिटला दाद दिली नाही पण थिनरनं विरघळलं तर लॅकर. दोन्हींनी काहीच झालं नाही तर मेलामाईन, पीयू (पॉलियुरेथेन) असलं काहीतरी नंतर मारलेलं असणार. ऑइलपेंट असेल तर तो दिसतोच, पण त्याला कोरडा पॉलिश पेपर अजिबात लावू नका, कारण घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा लागू झाली ती 2017 च्या नोव्हेंबरात, त्याआधीच्या रंगात काय असेल सांगता येत नाही आणि ती धूळ लहान मुलांच्या घरात तर नकोच. तिथे रिमूव्हर लावून ओलाच खरवडायचा, गॅलरीत किंवा अंगणात, हातमोजे घालून.

चपड्याचं पॉलिश निघालं तर तुमचं नशीब चांगलं. आधी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब, फडकं घट्ट पिळून पुसून घ्या, सोडा वगैरे घालू नका, लाखेला खार चालत नाही. मेण-तेलाचा राप असेल तर टर्पेंटाइननं काढा. एवढ्यानंच टेबल निम्मं उजळतं, खरंच. मग राहिले चहाच्या कपाचे पांढरे गोल. ते पॉलिशमध्ये शिरलेल्या ओलाव्याचे असतात, लाकडापर्यंत गेलेले नसतात, स्पिरिटचा जेमतेम ओलसर बोळा वरून भरभर फिरवला की बरेचदा जातात, मात्र एका जागी थांबायचं नाही. काळे डाग वेगळे. ते पाणी, लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांचं मिळून झालेलं असतं, म्हणजे कोणीतरी ओला डबा ठेवलेला असतो किंवा खिळा गंजलेला असतो. त्यासाठी ऑक्झॅलिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून लावतात, पण ते विषारी आहे, हातमोजे-चष्मा घाला, नंतर साध्या पाण्यानं दोन-तीनदा पुसून घ्या आणि वाळल्यावर जी पांढरी पूड दिसेल ती श्वासात जाऊ देऊ नका. शिवाय तेवढ्या जागेवरचं पॉलिश आधी काढावं लागतं, म्हणून एखादाच छोटा डाग असेल तर मी म्हणेन राहू दे.

बऱ्याच घरांत जुन्या टेबलावर नंतर कधीतरी सनमायका चिकटवलेला असतो, पुसायला सोपा म्हणून. खाली सागाचा टॉप शाबूत असण्याची शक्यता बरीच असते, कडेनं बघा, फळ्यांचे जोड दिसतात का. हीट गननं (नसेल तर हेअर ड्रायरनं, पण वेळ लागतो) एक कोपरा गरम करायचा, लांबी (पुट्टी) भरायची पातळ पत्ती आडवी सरकवायची, पुढे गरम करत जायचं. खेचलात तर लाकडाचे तंतू घेऊन वर येतो, तेव्हा घाई नको. खालचा गोंद पांढरा फेविकॉल असेल तर गरम ओल्या फडक्यानं मऊ होतो, पिवळट रबरवाला असेल तर थिनर लागतो.

आता डुगडुगणं. टेबल हलतंय म्हणून लोक कोपऱ्यात लोखंडी अँगल ठोकतात, त्यानं सांधा आणखी फाटतो. फेविकॉल बाजारात आला 1959 मध्ये, त्याच्या आधीची टेबलं सहसा सरसानं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या गोंदानं, जोडलेली, आणि सरसाचा मोठा गुण असा की कोमट पाण्यानं तो सुटतो. सिरिंजनं सांध्यात कोमट पाणी सोडा, थोडा वेळ थांबा, हलक्या हातानं हलवत पाय सोडवा, लाकडी हातोडीनं ठोकायचं झालं तर मध्ये ठोकळा धरा. जुना सरस पटाशीनं पूर्ण खरवडून काढा कारण त्याच्यावर नवा गोंद धरत नाही, लाकूड नीट वाळू द्या, मग फेविकॉल लावून आवळा. मोठा शिकंजा नसेल तर सुतळीचे तीन-चार वेढे घेऊन त्यात काठी घालून पीळ द्या, तेवढं दाबाला पुरतं. आवळल्यावर दोन्ही कर्ण सुतळीनं मोजा, सारखे आले पाहिजेत, नाहीतर टेबल वाकडंच वाळतं. रात्रभर हात लावू नका.

पायाशी पिठासारखी भुकटी पडत असेल तर कीड आहे. सागाचा गाभा तशी दाद देत नाही, कीड बहुतेक कडेच्या फिकट लाकडातच लागते. खाली काळा कागद ठेवून आठवडाभर बघा, नवी भुकटी पडली तरच ती जिवंत, मग भोकाभोकात सिरिंजनं लाकडाच्या किडीचं औषध सोडा. वाळवीचं मात्र वेगळं, मातीच्या रेघा आणि ठोकल्यावर पोकळ आवाज, तिथे पायाचा तळ कापून जुन्याच सागाचा तुकडा जोडावा लागतो आणि ते काम सुताराकडून करून घेतलेलं बरं. जुना साग आणि जुन्या खाचेचे स्क्रू, पितळी कड्या पुण्यात बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात शोधता येतात, मुंबईकरांना चोर बाजार आहेच. कड्या काढूनच पितांबरीनं घासा, टेबलावर असताना नको, लाकडावर ओघळ उतरतात.

पॉलिशला येऊ. जुना थर नुसताच निस्तेज झाला असेल तर तो काढू नका, त्याच्यावरच पातळ चपडा चढतो, कारण नवा थर जुन्यात विरघळून एक होतो. कुठे लाकूड उघडं पडलं असेल तेवढंच 180 मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरनं रेषांच्या दिशेनं घासा, आणि कडेला बघून घ्या की वर पातळ पापुद्रा तर चिकटवलेला नाही, असेल तर 220 नंच हलकं, नाहीतर आरपार जाल. एक लिटर स्पिरिटला साधारण 150 ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत रात्रभर भिजवा (लोखंडी डब्यात काळपटतो), मलमलमधून गाळा. जेवढं लागेल तेवढंच करा, भिजवलेला चपडा महिनोन्महिने ठेवला तर नंतर नीट वाळतच नाही. खड्ड्यांना खडूची पूड, पिवडी (पिवळी माती) आणि थोडा गेरू यांची लांबी चपड्यातच कालवा, रंग जुळेपर्यंत आधी एका फळकुटावर लावून बघा.

लावायचं ब्रशनं नाही, बोळ्यानं. आत कापूस, बाहेर धुऊन मऊ झालेल्या धोतराचं किंवा मलमलचं कापड, दाबल्यावर नुसता ओलावा यावा, थेंब पडता कामा नये. टेबलाच्या बाहेरूनच बोळा आत आणायचा आणि न थांबता पलीकडून बाहेर काढायचा, मध्येच थांबलात तर तिथे चिकटून खालचा थर उचलला जातो. चार-पाच पातळ हात झाले की थांबा, दुसऱ्या दिवशी 320 नं अगदी हलकं घासून पुन्हा. बोळा अडकायला लागला तर अळशीच्या तेलाचा एकच थेंब बोटानं लावा. पावसाळ्यात हे काम काढूच नका, दमट हवेत चपड्यावर पांढरट धुकं येतं, दिवाळीनंतर ते मेपर्यंत कधीही करा. आणि खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवघरातला दिवासुद्धा, स्पिरिट आहे ते.

खण अडकत असतील तर पट्टीला मेणबत्ती घासा, रंधा मारायच्या आधी एक उन्हाळा जाऊ द्या, बरेचदा पावसात फुगलेला खण आपोआप मोकळा होतो.

अळशीचं तेल लागलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात, पसरून उघड्यावर वाळवा आणि मगच फेका. टेबल दोन-तीन आठवडे मोकळं ठेवा, प्लास्टिकचा टेबलक्लॉथ तर बिलकुल नको, चिकटतो. गरम भांडं थेट ठेवायची सोय चपड्यावर कधीच नाही, घरच्यांना तेवढं सांगून ठेवा.