टॉरेंट रडतखडत चाललंय? मॉडेमवर खापर फोडण्याआधी या चुका टाळा

प्लॅन १०० एमबीपीएसचा आणि टॉरेंट (लोकांनी एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून तुकड्यातुकड्यांनी फाइल उतरवायची पद्धत) मात्र सेकंदाला ११ एमबीच्या वर जायला तयार नाही, ही तक्रार खरं तर तक्रारच नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये विकला जातो आणि टॉरेंटचा प्रोग्राम मेगाबाइट दाखवतो. आठाने भागा. १०० चे साडेबारा होतात, त्यातून वाटेतली हमाली वजा जाता ११-साडेअकरा हातात पडतात. तुमचा आकडा तिथे असेल तर लाइन ठणठणीत आहे. तो दोन-तीनशे केबीवर अडकला असेल, तर मात्र पुढचं वाचा.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो दुखणं कुठे आहे हे न बघता सेटिंग बदलण्यात. यूट्यूबवर 'दहापट स्पीड' देणाऱ्या व्हिडिओंना तोटा नाही. ते बघून लोक एका दमात आठ आकडे बदलतात आणि मग कशाने काय झालं ते कळत नाही. आधी उबुंटूच्या (ही विंडोजसारखी, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) अधिकृत साइटवरचं टॉरेंट लावा. ते कायदेशीर आहे आणि त्याला सीडर, म्हणजे पूर्ण फाइल जवळ ठेवून इतरांना देणारे, भरपूर असतात. साधारण ६ जीबीची ही फाइल १०० एमबीपीएसच्या लाइनवर नऊ-दहा मिनिटांत उतरायला हवी. ती झपाट्याने आली आणि तुमची फाइल आली नाही, तर घरातलं काहीच बिघडलेलं नाही, त्या फाइलला सीडर नाहीत. तिथे कुठलंही सेटिंग चालत नाही. इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथालयातली जुनी मराठी पुस्तकं टॉरेंटने घेताना हे हमखास दिसतं. पूर्ण प्रत ठेवून बसलेले लोक कमी, त्यामुळे बहुतेक भार अर्काइव्हच्या सर्व्हरवरच पडतो. तिथे सरळ पीडीएफ डाउनलोड करावी.

उबुंटूही रांगतच असेल, तर पहिला संशय अपलोडवर घ्या. डाउनलोड मंद असताना अपलोडकडे कोण बघतं? पण डाउनलोड होणाऱ्या डेटाची पोच तुमचं मशीन सतत उलट्या दिशेने पाठवत असतं. टॉरेंटने अपलोडची वाट गच्च भरली की या पोचपावत्या मॉडेमच्या रांगेत अडकतात. पोच येत नाही म्हणून समोरचा हात आखडता घेतो आणि डाउनलोड बसतं. एरवी आपण एकेरी गल्लीत टेम्पो लावणाऱ्याला शिव्या घालतो, इथे तो टेम्पो आपलाच असतो. तांब्याच्या फोन लाइनवरच्या एडीएसएलला आणि केबलवाल्याच्या नेटला हे जास्त जाणवतं, कारण तिथे अपलोड मुळातच तुटपुंजं असतं.

खात्री करणं सोपं आहे. टॉरेंट थांबवून पिंग (संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) सतत चालू ठेवा. समजा दहा-वीस मिलिसेकंद दिसले. आता टॉरेंट सुरू करा. आकडा चारशे-पाचशेवर उडाला आणि घरातल्यांचा व्हिडिओ कॉल तुटायला लागला, तर निदान झालं. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये अपलोडची मर्यादा खऱ्या अपलोडच्या ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा. स्पीड टेस्ट अपलोड १० एमबीपीएस दाखवत असेल, तर ते १२५० केबी होतात. त्याचे ८० टक्के म्हणजे १००० केबी. त्या चौकटीत केबी लिहायचे असतात. तिथे नुसतं १० टाकलं तर अपलोडचा गळाच आवळला जातो.

काही जण मग दुसऱ्या टोकाला जातात, अपलोड पार नावापुरतं ठेवतात. ब्रॅम कोहेन या प्रोग्रामरने २००१ मध्ये बिटटॉरेंट, म्हणजे टॉरेंटची ही पद्धत, आणली तेव्हापासून त्याचा कारभार जशास तसे असाच आहे. जो देतो त्याला इतर पीअर, म्हणजे तीच फाइल देणारे-घेणारे, आधी देतात. हात आखडलात की तुमचा नंबर मागे जातो. आणि क्यूबिटटॉरेंटसारख्या टॉरेंटच्या प्रोग्राममध्ये शून्य लिहिलं तर मर्यादाच निघून जाते.

कनेक्शनच्या संख्येबद्दलही असाच गैरसमज आहे. जास्त जोडण्या, जास्त स्पीड असं वाटून लोक तो आकडा दोन-तीन हजारांवर नेतात. कंपनीने फुकट बसवून दिलेल्या मॉडेमची मेमरी बेताची असते. प्रत्येक जोडणीची नोंद त्याला आपल्या तक्त्यात ठेवावी लागते. तक्ता भरला की टॉरेंटच नाही, साधं वेबपेजही उघडत नाही. मॉडेम बंद-चालू केला की तासभर सगळं मस्त आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, असं होत असेल तर हेच कारण धरा. एकूण जोडण्या २००, एका टॉरेंटला ५० आणि एका वेळी दोन-तीनच टॉरेंट. घरच्या मॉडेमला एवढं पुरतं.

पोर्ट फॉरवर्डिंगवर, म्हणजे बाहेरच्यांना तुमच्या टॉरेंटपर्यंत थेट येता यावं म्हणून मॉडेममध्ये दार (पोर्ट) उघडण्यावर, लोक उगाच रात्री घालवतात. आधी मॉडेमच्या पानावर, बहुधा १९२.१६८.१.१ वर, जाऊन वॅन आयपी, म्हणजे कंपनीने मॉडेमला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर कंपनीने तुम्हाला सामाईक आयपीमागे ठेवलंय. मग तुमच्या मॉडेममध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) मिळत असेल तर चालू करा, नाहीतर कंपनीकडे पब्लिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा पत्ता, मागा. आयपी पब्लिक असेल तर एकच पोर्ट उघडा, टॉरेंटचा नेहमीचा ६८८१ सोडून वरचा एखादा. कॉम्प्युटर डीएमझेडमध्ये (मॉडेमच्या संरक्षणाबाहेर) टाकण्याचा सल्ला मात्र मुळीच ऐकू नका, कारण त्याने त्या एका प्रोग्रामसाठी सगळी दारं उघडी पडतात.

वायफायचं थोडक्यात: त्याचा वेग मुळातच कमी-जास्त होतो, म्हणून तपासणी कॉम्प्युटरला मॉडेमची लॅन केबल लावूनच करा. मोठ्या प्लॅनवर आकडा नेमका ९४-९५ एमबीपीएसवर थबकत असेल, तर मॉडेमचं पोर्ट १०० चं आहे किंवा केबलमधल्या आठपैकी एखादी तार तुटली आहे. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर कस्टमर केअरला फोन करण्याआधी अॅपमध्ये डेटा किती वापरला ते बघा. महिन्याचा कोटा संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग दोन-चार एमबीपीएसवर येतो. कोटा शिल्लक असेल तर केबल लावून, टॉरेंट बंद ठेवून, सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास घेतलेल्या स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा. 'टॉरेंट स्लो आहे' असं सांगितलंत तर समोरचा ते तुमच्यावरच ढकलेल. 'केबलवर रात्री लाइनच निम्मी मिळते' असं सांगितलंत की त्याला तिकीट काढावंच लागतं.