वादळ वाढेल का? आधी त्याचं धुराडं बघा

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला धरून वर सरकत होतं, तेव्हा खानापूर तालुक्यातल्या आमच्या शेतात पिंजाराची व्हळी, म्हणजे भाताच्या पेंढ्याची गंजी, उघडीच होती. समुद्र तापलाय एवढं मी वाचलं होतं. पण १२ किलोमीटर उंचीवर काय चाललंय तेही बघावं लागतं, हे माहीत नव्हतं. व्हळी भिजली, कुबट झाली, जनावरांनी तोंड लावलं नाही. तेव्हापासून धूळवाफ पेरणीच्या, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरायच्या, दिवसांत अरबी समुद्रात काही फिरायला लागलं की मी आधी वरचं वारं बघतो.

गुऱ्हाळावरचं चुलवाण आठवा. जळण कितीही सारा, धुराडं तुंबलं की जाळ धरत नाही. वादळात खालची हवा घड्याळाच्या उलट फिरत आत येते, मध्याभोवती वर चढते आणि माथ्यावरून घड्याळाच्या दिशेनं वळत बाहेर पडते. वरून ती जितकी मोकळी निघेल तितका मध्याचा दाब उतरतो आणि खालचा वारा चढतो.

मोबाईलवर विंडी हे वाऱ्याचा नकाशा दाखवणारं ॲप उघडा, वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैल) ठेवा. उंचीच्या पट्टीवर आधी ८५० हेक्टोपास्कल निवडा (हे हवेच्या दाबाचं माप, वर जावं तसा आकडा उतरतो). ते साधारण दीड किलोमीटरवरचं वारं. मग २०० हेक्टोपास्कल, म्हणजे बाराएक किलोमीटर. वादळाच्या पोटात बघू नका, तिथं त्याचंच वारं गरगरत असतं. भोवतालचा तीन-चारशे किलोमीटरचा पट्टा बघा. खालच्या आणि वरच्या वाऱ्यातला फरक काढताना दिशा धरायचीच, मी सुरुवातीला इथंच चुकायचो. खाली पश्चिमेचं १५ आणि वर पश्चिमेचं २०, तर फरक ५. खाली पश्चिमेचं १५ आणि वर पूर्वेचं २०, तर फरक ३५!

हा फरक १० नॉटच्या आत असेल तर वादळाला रान मोकळं. २० च्या वर गेला की मडक्यांची उतरंड कलावी तसा माथा एकीकडे, बूड दुसरीकडे. माथ्याची ऊब मध्यावरून ढळते, कोरडी हवा आत शिरते. जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात मोठी चक्रीवादळं सहसा होत नाहीत ती याच कारणानं: खाली मान्सूनचं पश्चिमेचं वारं, वर पूर्वेचा जोरदार झोत.

मग हवामान खात्याच्या साईटवर इन्सॅट उपग्रहाचं चित्र बघा. माथ्यावरचे पिसांसारखे पातळ ढग चहूबाजूंनी पसरत असतील तर धुराडं चालू आहे. उत्तरेकडच्या पश्चिमी वाऱ्यांनी ते ओढून नेले आणि लांब शेपूट दिसलं, तर आणखी एक वाट उघडली असं समजा. एक कड सुरीनं कापल्यासारखी आणि सगळे ढग दुसऱ्या अंगाला लोटलेले दिसले, तर वरचं वारं त्याला मोडतंय.

मोडणाऱ्या वादळाचे ढगसुद्धा घाट चढून आपल्याकडं बदाबदा ओततात, हे ध्यानात ठेवा. वादळ कुठं जाणार ते मी स्वतः ठरवत नाही, त्याला खात्याचं बुलेटिन. फरक कितीही दिसो, व्हळीवर ताडपत्री टाकून चारी कडांना दगड ठेवतो आणि मगच बियाण्याची पोती आत घेतो.