जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेताय? या चुका टाळा

थकवा आला की मल्टिव्हिटॅमिन सुरू करायचं, ही पहिली चूक. जीवनसत्त्वांत ऊर्जा नसतेच. ती पिष्टमय पदार्थ, स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनांतून मिळते; ब गटातली जीवनसत्त्वं ती मोकळी करणाऱ्या एन्झाइमांना हातभार लावतात. ब१ कमी पडलं तर ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवण्याचं काम मध्येच अडतं. पण ते पुरेसं असेल तर जास्तीच्या गोळीने कामाचा वेग वाढत नाही. थकव्यामागे थायरॉइड, लोहाची कमतरता किंवा अपुरी झोपही असू शकते, ते आधी तपासा.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती ब१२ ची. अन्नातून ते सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, मग जठरातच तयार होणारं एक प्रथिन त्याला धरतं आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ते शोषलं जातं. यातली एक पायरी बिघडली तरी आहार चांगला असून कमतरता होते. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन किंवा आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी म्हणूनच ब१२ तपासून घ्यावं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा कळते. अशा वेळी नुसतं फॉलिक ॲसिड (ब९ जीवनसत्त्व) घेऊ नका. रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, पण नसांची हानी आतून चालूच राहते. हातापायांना मुंग्या येत असतील तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

आठवड्यातून एकदा घ्यायची ड जीवनसत्त्वाची गोळी चुकून रोज घेतली जाते, हीही गंभीर चूक आहे. ड चरबीत साठतं. अती झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग मळमळ, बद्धकोष्ठता, खूप तहान आणि पुढे मूत्रपिंडांना इजा. ही गोळी जेवणासोबत घ्या, थोड्या स्निग्ध पदार्थामुळे ती नीट शोषली जाते. तपासणी करताना २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी हीच करा. मूत्रपिंडात तयार होणारं ड चं सक्रिय रूप कमतरतेतही नॉर्मल दिसू शकतं.

‘पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं लघवीवाटे निघून जातात’ यावर विसंबू नका. लघवी पिवळीजर्द होते ती ब२ मुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ब६ मात्र मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर नसांनाच इजा करतं.

केसांसाठी बायोटिन (ब७ जीवनसत्त्व) घेत असाल तर रक्त देण्याआधी लॅबमध्ये सांगा. थायरॉइडचे आकडे त्यामुळे चुकीचे येऊ शकतात.