बेळगावातली प्रचारसभा कशी ऐकावी

बावीस वर्षं सभांना लाऊडस्पीकर लावतोय. वक्ता माईकवर टिचकी मारतो तेव्हापासून कान टवकारा.

आधी गावाचं नाव पकडा. सरकारदरबारी २०१४पासून ‘बेळगावी’ आहे. शहापूर-वडगावच्या मराठी वस्तीत ‘बेळगाव’ म्हणणारा तोच माणूस तासाभरानं दुसऱ्या गल्लीत ‘बेळगावी’ म्हणाला, तर समजा मतदारयादी पाठ आहे. मग १९५६ची भाषावार प्रांतरचना निघते का बघा. एक नोव्हेंबरला तो राज्योत्सव (कर्नाटकाचा स्थापनादिन) म्हणतो, काळा दिवस (मराठी भाषकांचा निषेधाचा दिवस) म्हणतो की नुसतंच ‘सण’ म्हणून सटकतो? सटकणारा मला जास्त हुशार वाटतो. २००४पासून महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात आहे, त्यावर टाळ्या हमखास; सुनावणीच्या तारखेबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

खरी मेख भाषा बदलते त्या जागी असते. एकदा उमेदवारानं ‘एल्लरिगू नमस्कार’ (कन्नडमध्ये सगळ्यांना नमस्कार) करून सुरुवात केली, शिवाजी महाराजांचा जयजयकार मराठीत, आणि गटार, पाणी, रस्ता सगळं कन्नडमध्ये. पुढच्या रांगेतली आजी मला म्हणाली, "बाळा, नळाचं काय बोलला रे?" मी सांगितलं. ती पदर सावरत उठून गेली.

म्हणून वहीत दोन रकाने करा: भावनेची वाक्यं कुठल्या भाषेत, कामाची कुठल्या. जमलं तर दोन्ही भाषांतली पत्रकं घरी आणून शेजारी ठेवा. आश्वासनं मोजा. दोन्हीकडचा आकडा जुळला नाही, तर गाळलेल्या ओळीखाली पेन्सिल ओढा आणि पुढच्या सभेत तेवढंच विचारा. शेजाऱ्याला सोबत घ्या, त्यानं कन्नडमध्ये विचारावं.